ताई, पैसे टाकलेत बघा

शिवलेल्या नऊवारीच्या धंद्यात माझे जेवढे पैसे बुडाले, त्यातले खऱ्या भामट्यांनी नेले ते थोडेच. बाकीचे गेले ते चांगल्या घरच्या, मला ताई म्हणणाऱ्या, निऱ्या किती छान बसल्या म्हणून आवर्जून फोटो पाठवणाऱ्या बायकांशी झालेल्या अर्धवट बोलण्यापायी. कोण किती देणार, कधी देणार, साडी परत आली तर कुरिअरचा खर्च कुणाच्या डोक्यावर, हे विषय मी काढायचेच नाही. आणि न काढलेला विषय अंगाशी आला की एकदम तोंड सोडायचे. आधी भीड, मग भांडण. अधलंमधलं काही मला जमतच नव्हतं.

मी डोंबिवलीला राहते. घराच्या पुढच्या खोलीत मशिनी, कपाटभर काठापदराचं कापड आणि शिवायला दोन मावशी. सुरुवात बिल्डिंगमधल्या ओळखीवर झाली. मग इन्स्टाग्राम आलं, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येऊ लागल्या, पुढे एका मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान मांडलं. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी असे प्रकार आम्ही शिवतो. ज्यांनी कधी घातली नसेल त्यांच्यासाठी सांगते: शिवलेल्या नऊवारीला काष्टा, निऱ्या, ओचा सगळं जागच्या जागी शिवलेलं असतं. पाय घालायचे, नाडी बांधायची, पदराला पिन लावायची, झालं. दहा मिनिटांत बाई तयार. पण त्यासाठी अख्खी साडी कापावी लागते, आणि एकदा कात्री लागली की त्या कापडाची पुन्हा साडी होत नाही. कंबर, सीट आणि कंबरेपासून टाचेपर्यंतची उंची या तीन मापांनी ती एकाच बाईची होऊन बसते. दुसरीला बसवायची तर उसवा, जोड द्या, आणि तरी ती ओढूनताणून बसवल्यासारखीच दिसणार.

म्हणून कात्री लावायच्या आधी पैसे हातात हवेत. हे मला पहिल्यापासून कळत होतं. पण ‘निम्मे पैसे आधी टाकाल का?’ एवढं वाक्य लिहायचे आणि पाठवायच्या आधी खोडून टाकायचे. समोरची म्हणेल, हिचा आपल्यावर विश्वास नाही. मग हात जोडलेलं चित्र टाकून लिहायचे, ‘सावकाश द्या ताई, घाई नाही.’ भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या वहीत ती पानापानावर बसली होती. ‘येणे बाकी’ असा रकाना होता, आणि त्यातली नावं बघितली तर सगळी गोड बोलणाऱ्यांची.

भामट्याची गोष्ट आधी उरकून टाकते, कारण लोकांना तीच ऐकायची असते.

एका गृहस्थांनी बायकोच्या वाढदिवसासाठी म्हणून मस्तानी सांगितली. साडेचार हजारांची. घासाघीस नाही, मापांबद्दल एक प्रश्न नाही. बायकोची कंबर विचारली तर ‘तुम्हीच बघून घ्या, मीडियम’ म्हणाले. तिथेच कान टवकारायला हवे होते, कारण खऱ्या गिऱ्हाइकाला मापाची धास्ती असते. ते चार चार वेळा मोजून पाठवतं. मी मात्र खूश, काय साधा माणूस! थोड्या वेळाने मेसेज आला, ‘ताई, पैसे टाकलेत बघा,’ आणि खाली स्क्रीनशॉट. हिरवी खूण, तारीख, वेळ, व्यवहार क्रमांक, सगळं व्यवस्थित. पाठोपाठ फोनवर दुसरा मेसेज, खात्यात १४,५०० रुपये जमा. आणि लगेच त्यांचा घाबराघुबरा फोन. ‘ताई, घोटाळा झाला हो, घाईत एकचा आकडा पुढे जास्त पडला. आई दवाखान्यात आहे, तिथे भरायचे होते. दहा हजार तेवढे परत टाका.’ फोन त्यांनी ठेवलाच नाही. ‘टाकले का ताई? झालं का ताई?’ असं चाललेलं. मी एका हातात निऱ्या धरलेल्या, दुसऱ्या हाताने पिन दाबला. दहा हजार गेले. चौदा हजार पाचशे मुळात आलेच नव्हते.

नंतर तो स्क्रीनशॉट मी मोठा करकरून पाहिला. माझं बँकेतलं खातं लग्नाआधीचं, माहेरच्या नावाचं. खरा व्यवहार झाला असता तर पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं नाव, म्हणजे माझं माहेरचं आडनाव दिसलं असतं. स्क्रीनशॉटवर माझ्या दुकानाचं नाव होतं, इन्स्टाग्रामवर जसं लिहिलंय अगदी तसं. जमा झाल्याचा मेसेज कुठल्याशा दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँक कधी अशा नंबरावरून मेसेज पाठवत नाही, तिच्या नावाची इंग्रजी अक्षरं वर असतात. हे सगळं डोळ्यांसमोर होतं आणि वाचायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. बँकेचं ॲप उघडून शिल्लक पाहिली असती तरी पुरलं असतं. पण कुणी घाईत रडवेल्या आवाजात बोलत असताना ‘थांबा, मी आधी खातं बघते’ म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. पुन्हा तेच.

याहून मोठी चूक पुढे केली. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, हे मला ठाऊक होतं. तिथे ताबडतोब फोन केला तर पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंत बँकेला ते अडवता येतात, सगळा खेळ वेळेचा. मी तो वेळ नवऱ्याला कसं सांगायचं या विचारात घालवला. ‘तुला कितीदा सांगितलंय’ हे वाक्य ऐकायची तयारी होईपर्यंत पैसे तिथून पुढे आणि पुढून आणखी पुढे गेलेले. तक्रारीचा क्रमांक मिळाला, तो अजून फोनमध्ये आहे. आणि नवरा काय म्हणाला? ‘जेवलीस का?’ एवढंच.

आता नियम असा की स्क्रीनशॉट मी बघतच नाही. कुणी पाठवला तर ‘मिळाला’ लिहिते आणि ॲप उघडते. मावशींनाही सांगून ठेवलंय, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजायचं, आपल्याच खात्यातून चाललेत.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल फार लिहीत नाही. माल दारात घेऊन मग पैसे द्यायची आपल्याकडची सवय जुनी आहे, पोस्टाची व्ही.पी. आजोबांच्या काळीही होती आणि मागवून ती न सोडवणारेही तेव्हापासूनच आहेत. फरक इतकाच, की पुस्तक परत आलं तर दुसऱ्याला विकता येतं. मापाची नऊवारी परत आली की जातानाचं कुरिअर माझं, येतानाचं माझं आणि साडीही माझी. दारावर पार्सल आलं की ‘साहेब घरी नाहीत, उद्या या’ म्हणायचं, असं काही वेळा झालं की माल आपोआप परत फिरतो. त्यांचं काहीच जात नाही. मापाच्या साडीला ही सोय मी कायमची बंद केली. ऑर्डरी घटल्या, पैसे वाढले.

खरा छळ गौरींचा. भाद्रपदात गौरी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी माहेरपण संपवून जातात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे साड्या यायला लागतात. ऑनलाइन बाजारातून घेतलेल्या तयार मापांच्या साड्यांना परतीची मुदत असते. स्मॉल, मीडियम, लार्ज अशा आम्ही तिथे ठेवतो. गौरीपूजनाला नेसायची, फोटो काढायचे आणि मुदतीच्या आत ‘माप चुकलं’ म्हणून परत धाडायची.

अशी पहिली साडी उघडली तो वास अजून आठवतो. पिशवीची पट्टी सोडल्याबरोबर अगरबत्ती आणि कापूर. हिरव्या सेमी पैठणीचा काष्टा मागून चुरगळलेला, म्हणजे बाई तासन्‌तास खाली बसून उठलेली. डाव्या खांद्यावर पदराला पिनेची भोकं, तिथले धागे ओढले गेलेले. कंबरेपाशी कुंकवाचं बोट पुसलेलं, आणि ओच्यावर तुपाचा बोटभर डाग. तूप पुरणपोळीवरचं, हे मी शपथेवर सांगेन. दुकानाचा टॅग मात्र शाबूत, कारण तो आम्हीच कंबरेच्या आतल्या बाजूला शिवला होता, कुणाला टोचू नये म्हणून.

मी पेटले. बाजाराच्या तक्रारीच्या चौकटीत भलामोठा मजकूर लिहिला. सणाचं पावित्र्य, कारागिरांचे कष्ट, लोकांची नियत, काही म्हणून ठेवलं नाही. त्यांचं उत्तर आलं दोन ओळींचं: वापराचा पुरावा म्हणून फोटो जोडा. मी साडी आणायला आत गेले, तर मावशींनी ती धुवायला घेतलेली. चांगल्या मनाच्या बाईने आधी तूप काढलं, मग लिंबाने कुंकू. ‘बघा ताई, एकदम नवी केली,’ म्हणाल्या. डाग गेला आणि दावाही गेला. मावशींना काय बोलणार? परत आलेलं पार्सल उघडायच्या आधी फोन चालू करायचा आणि सील तोडण्यापासून घडी उलगडेपर्यंत सगळं टिपायचं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. जाताना पॅक करतानाचा व्हिडिओही नव्हता. उद्या कुणी म्हणालं असतं की साडी डाग पडलेलीच आली होती, तर माझ्याकडे त्यालाही उत्तर नव्हतं.

हे वाचून कुणी बाजारवाल्यांना नावं ठेवील. मी ठेवत नाही, निदान आता नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्सचे नियम स्पष्ट सांगतात: माल सदोष असेल, सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा ठरल्यापेक्षा उशिरा पोचला तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. गिऱ्हाईक म्हणून मी स्वतः या नियमाचा फायदा घेतलाय, फुटका मिक्सर परत केलाय. अडचण एवढीच की नियमाला नियत दिसत नाही. त्याला फोटो दिसतो, तारीख दिसते आणि लिहिलेलं वाक्य दिसतं. माझ्या यादीत मापाच्या पुढे नुसतं ‘मीडियम’ होतं. कंबर किती, उंची किती, काही नाही. तेव्हा ‘माप चुकलं’ म्हणणारी खोटी होती असं मी म्हणू शकते, पण ‘माप हे लिहिलं होतं’ असं म्हणू शकत नव्हते. आणि विकणाऱ्याने गिऱ्हाइकाविरुद्ध दाद मागायची म्हटलं तर ग्राहक आयोगाचं दार ग्राहकासाठी आहे, आपल्यासाठी दिवाणी कोर्ट. अडीच-तीन हजारांच्या साडीसाठी कल्याण कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?

पुढच्या भाद्रपदात टॅग बाहेर आला. पदराच्या टोकाला, दिसेल असा, तळहाताएवढा: टॅग काढल्यास साडी परत घेतली जाणार नाही. तो लावून फोटो काढता येत नाही. परतीच्या साड्या बंद नाही झाल्या, पण कापराचा वास कमी झाला.

या तुपाच्या डागाने माझं डोकं मात्र बिघडलं, आणि त्यातून मी जे केलं ते दहा हजारांहून वाईट होतं.

त्याच हंगामात नागपूरच्या एका ताईंनी व्हॉट्सॲपवर खणाची पेशवाई घेतली. बहिणीच्या डोहाळजेवणाला नेसायची होती. पैसे पूर्ण, तेही न मागता आधी. साडी पोचली तशी त्यांनी लिहिलं, कंबरेला फार सैल होतेय, नाडी ओढली तर निऱ्या पोटावर गोळा होतात, बदलून द्याल का? मला काय वाटलं, ते सांगायला नको. मी लिहिलं, ‘नेसून झाल्यावरच बरं सगळ्यांना सैल होतं.’ त्यांनी बिचाऱ्यांनी मापाच्या टेपसकट फोटो पाठवला. मी तो नीट उघडलासुद्धा नाही. उलट आमचा साडी विकणाऱ्या बायकांचा एक ग्रूप आहे, त्यावर त्यांच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट टाकला, नाव आणि नंबर न झाकता. ‘सांभाळा, वापरून परत करणारी पार्टी’. चाळीसेक बायकांचे संतापलेले चेहरे आले खाली. फार बरं वाटलं मला. खरंच सांगते, दिवसभर हलकं वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात पनवेलच्या एका बाईंचा फोन. ‘ताई, खणाची साडी आली, पण ही माझ्या कंबरेवर चढतच नाही हो.’ मी चिठ्ठ्यांचा डबा काढला. दोन्ही साड्या एकाच ठाणातल्या, एकाच दिवशी कापलेल्या. कापडाला टाचणीने माप लिहिलेली चिठ्ठी लावतो आम्ही. एकीवर कंबर ३०, दुसरीवर ३६. कापताना चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि लावताना त्यांची अदलाबदल झाली. मावशींनी नव्हे. त्या दिवशी मावशी रजेवर होत्या, कापड मी कापलं होतं.

नागपूरच्या ताईंना फोन केला. पैसे तर त्याच क्षणी परत केले, साडी ठेवा म्हणाले, दुसरी शिवून धाडते म्हणाले. डोहाळजेवण होऊन गेलं होतं. त्या जुनी पैठणी नेसून गेल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, ‘मला एका दुसऱ्या दुकानातून ऑर्डर नाही म्हणाले, तुमचं नाव यादीत आहे म्हणून. कसली यादी हो?’ ग्रूपवर मी दुरुस्ती टाकली, माझी चूक होती, या ताईंचा काही दोष नाही. तिच्याखाली दोन अंगठे आले. पहिला मजकूर त्यातल्या कित्येकींनी आपापल्या ग्रूपवर पुढे ढकलला होता, दुरुस्ती कुणी ढकलली असेल असं वाटत नाही. तो नंबर आजही कुठल्या कुठल्या फोनमध्ये ‘फ्रॉड पार्टी’ म्हणून पडून असेल, आणि ते पुसणं माझ्या हातात राहिलेलं नाही.

गिऱ्हाइकाला शेरा द्यायची सोय विकणाऱ्याला हवी, अशी मागणी धंद्यातली माणसं नेहमी करतात, मीही करायचे. मग कळलं, ती सोय पूर्वी होती. अमेरिकेतल्या ईबेवर, म्हणजे ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या अगदी जुन्या बाजारात, दोघंही एकमेकांना बरा-वाईट शेरा देत. २००८ साली त्यांनी विकणाऱ्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला, कारण गिऱ्हाइकाने तक्रार केली रे केली की विकणारा सूड म्हणून त्याच्या नावावर काळं फासायचा. मी तो निर्णय वाचला तेव्हा ग्रूपमधला माझा मजकूर आठवून कान गरम झाले. मी ग्रूप सोडला नाही. भावांची, कापडाची माहिती तिथे मिळते. पण कुणी नंबर टाकला की आता ‘चिठ्ठी तपासली का?’ एवढं विचारते. आवडत नाही कुणाला.

अमेरिकेचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, आणि त्यात तर खलनायकच नाही.

तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या भोंडल्यासाठी एका आईने स्वतःला आणि मुलीला एकसारख्या नऊवारी सांगितल्या. कार्डाने पैसे दिले, दोन्ही मिळून १६० डॉलर. साल २०२५, ऑगस्टचा शेवट. त्याच दिवसांत तिकडची सगळी व्यवस्था उलटीपालटी होत होती. ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत विनाजकात जायचं, ती सवलत २९ ऑगस्टपासून बंद होणार होती. भारतीय मालावर ५० टक्के कर लागू झाला २७ ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी. आणि आपल्या पोस्टाने २५ तारखेपासून अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालणार होत्या. खाजगी कुरिअरचा भाव ऐकून मला घाम फुटला.

ताईच म्हणाल्या, ‘अहो, गिफ्ट लिहा ना, शंभरच्या आतलं.’ मी लिहिलं. भेटवस्तू, ९० डॉलर, खाली माझी सही. खोटं आहे हे कळत होतं, पण सगळेच करतात म्हणून केलं. काही दिवसांत पोस्टाने भेटवस्तूंचाही मार्ग बंद केला आणि माझं पार्सल मुंबईतच कुठेतरी अडकलं. ट्रॅकिंगची ओळ हलेना. भोंडला होऊन गेला. त्या ताईंनी महिनाभर कळ काढली आणि मग कार्ड कंपनीकडे दावा केला, माल मिळाला नाही.

त्यांचा हक्कच होता तो. अमेरिकेत १९७४ साली कायदा झाला, तेव्हापासून माल न मिळाल्यास कार्डावरच्या रकमेला हरकत घेता येते. मी तिथेच पैसे परत करून मोकळं व्हायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच, मी तर पाठवलंय, पोस्ट बंद पडलं तो माझा गुन्हा का? म्हणून लढायला उतरले आणि पुरावा म्हणून पोस्टाची पावती आणि सही केलेला कस्टम्सचा कागद जोडला. म्हणजे १६० डॉलरच्या विक्रीचा पुरावा म्हणून मी माझ्या हाताने लिहून दिलं, की ही ९० डॉलरची भेट आहे. दावा हरले. त्याची वेगळी फी लागली. शिवाय कागदातली तफावत बघून पेमेंट कंपनीने माझं खातं चौकशीसाठी अडवलं, आणि त्यात ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नाही अशा गिऱ्हाइकांचे आलेले पैसेही अडकले. दिवाळीचं कापड त्या वर्षी उधारीवर आणलं.

चूक कुणाची, हे शोधण्यात मी किती वेळ घालवला! माल पोचला नाही तर पैसे परत, यात चूक कुणाची हा प्रश्न येतच नाही. जकात कुणी भरायची, उशीर झाला तर काय, अडकलं तर काय, हे ऑर्डर घेताना चार ओळींत लिहून दिलं असतं तर त्या ताईंनी कदाचित सप्टेंबरातच सांगितलं असतं, राहू द्या, पैसे परत करा. १५ ऑक्टोबरपासून पोस्टाची अमेरिकेची सेवा पुन्हा सुरू झाली. माझं पार्सल त्याआधीच घरी परत आलं होतं. मुलीची साडी पाच वर्षांच्या मापाची. ती आमच्या मावशींच्या नातीला बसली.

त्या चार ओळी आता प्रत्येक ऑर्डरला जातात. निम्मे पैसे आधी, उरलेले साडीचा फोटो पाहिल्यावर आणि पाठवायच्या आधी. माप टेपसकट फोटोत, घालायच्या चपलेसकट, कारण टाचेच्या इंचभर फरकाने काठ जमिनीवर लोळतो. माप आमच्याकडून चुकलं तर सगळा खर्च आमचा, तुमच्याकडून चुकलं तर दुरुस्तीचे पैसे लागतील. मला वाटलं होतं, हे वाचून गिऱ्हाइकं पळतील. बहुतेकींनी ‘ओके ताई’ लिहिलं. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं हात जोडलेलं चित्र पाठवत होते.

परक्यांशी हे जमलं. घरच्यांशी अजून पूर्ण जमलेलं नाही. नणंदेच्या जाऊबाई नाशिकला बुटीक चालवतात. गेल्या वर्षी त्यांनी माझ्याकडून एकदम डझनभर साड्या नेल्या, विकल्या की देते म्हणून. साड्या विकल्या गेल्यात हे मला त्यांच्याच स्टेटसवर दिसलं. पैसे विचारले की ‘अगं, पळून चाललेय का मी?’ बिल केलं नव्हतं, चलन नव्हतं. वहीत माझ्याच हाताने ‘वहिनी, १२’ एवढंच लिहिलेलं. दोनदा हळदीकुंकवाला भेटलो, त्यांनी माझं वाण घेतलं, मी त्यांचं घेतलं.

परवा त्यांचा फोन आला, यंदाच्या गौरींसाठी वीस हव्यात, लवकर. मी म्हटलं, ‘वहिनी, आधीच्या बाराचे पैसे आले की यंदाच्या निम्म्याचं बिल पाठवते, मग कापड कापते.’ एका श्वासात म्हणाले, नाहीतर म्हणवलं नसतं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग ‘बरं बरं, बघते,’ आणि फोन बंद. पंधरा मिनिटांत नणंदेचा फोन वाजला. त्यानंतर सासूबाईंचा. मी दोघींनाही चार ओळींचा तोच मेसेज पाठवलाय, आणि खाली बाराच्या बाराचा हिशेब.